चंद्राकडे जाण्याचा हिशेब

माणूस चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये. पण कथांमधून तो तिथे त्याआधी किमान अठराशे वर्षे जातच होता. कधी वावटळीने उचललेल्या जहाजातून, कधी रानपक्ष्यांनी ओढलेल्या आसनावरून, कधी पिशाचांच्या हातून, तर कधी तोफेच्या गोळ्यात बसून. हे पुस्तक अशा जुन्या अवकाशकथांची ओळख मराठी वाचकाला करून देण्यासाठी आहे. जुन्या म्हणजे ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुतनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला, त्यापूर्वीच्या. या कथा लिहिणाऱ्यांपैकी कुणीही पृथ्वी बाहेरून पाहिलेली नव्हती, वजन नाहीसे झाल्यावर शरीराला काय वाटते हे कुणाला ठाऊक नव्हते. हाताशी होते ते गणित, दुर्बिणीतून दिसणारा चंद्र आणि स्वतःची कल्पनाशक्ती.

या कथांचे कौतुक बहुधा एकाच अंगाने होते : त्यांतले पुढे काय काय खरे ठरले. मला ते कौतुक अपुरे वाटते. शंभर गोष्टी कल्पिल्या की चार-पाच खऱ्या ठरतातच. त्यापेक्षा मोठे काम या कथांनी केले. आकाशात जाण्याच्या स्वप्नाला त्यांनी हिशेब विचारला. किती वेग लागेल, किती दिवस लागतील, श्वास कशाचा घ्यायचा, परत कसे यायचे, हे प्रश्न कथेच्या आत आणले. प्रश्न कथेत आले की वाचकही कागद-पेन्सिल घेऊन लेखकाची चूक काढू शकतो. असे चूक काढणारे काही वाचकच पुढे रॉकेटशास्त्राचे जनक झाले. या प्रस्तावनेचे सूत्र एवढेच आहे.

आपल्या परंपरेत आकाशप्रवासाच्या कथांना तोटा नाही. पुष्पक विमान सर्वांना माहीत आहे. मला त्याहून विलक्षण वाटते ती ककुद्मी राजाची कथा. आपली मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला हा राजा ब्रह्मलोकी जातो. तिथे गायन चालू असते, म्हणून घटकाभर थांबतो. गायन संपल्यावर ब्रह्मदेव त्याला सांगतात की, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली; तुझ्या मनात असलेले वर, त्यांची मुले, नातवंडे, कुणीही उरलेले नाही. शेवटी रेवतीचे लग्न बलरामाशी होते. काळ सगळीकडे सारख्या गतीने चालत नाही, ही कल्पना इतक्या सहजपणे मांडणारी कथा जगात दुर्मिळ आहे. पण काळ का मंदावला, किती अंतरावर किती मंदावला, हे ती कथा सांगत नाही, आणि तिने ते सांगायची गरजही नाही. तिचे प्रयोजन वेगळे आहे. पुराणकथेला यंत्राचा पुरावा समजणे हा पुराणावर आणि विज्ञानावर, दोघांवरही अन्याय आहे. या पुस्तकातल्या कथा तिथून पुढे सुरू होतात.

दुसऱ्या शतकात ल्युशियन या ग्रीक लेखकाने आपले जहाज वावटळीने चंद्रावर नेले, तेव्हा त्याला थापाड्या प्रवासवर्णनांची खोड मोडायची होती. हिशेबाची खरी सुरुवात सतराव्या शतकात झाली आणि ती एका खऱ्या खगोलशास्त्रज्ञाने केली. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा योहानेस केप्लर याने ‘सोम्नियम’ म्हणजे स्वप्न नावाची छोटी कथा लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६३४ मध्ये छापली गेली. त्यात माणसाला चंद्रावर नेणारी पिशाचे आहेत, पण प्रवासाचे तपशील पाहा : सुरुवातीचा धक्का इतका जबर की प्रवाशाला आधी अफू देऊन गुंगवायचे, वाटेत हवा विरळ आणि थंडी कडाक्याची, म्हणून नाकाशी ओला स्पंज धरायचा, ठरावीक अंतर गेल्यावर शरीर आपोआप पुढे सरकू लागते. चंद्रावर पोचल्यावर तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच. पृथ्वी तिथल्या आकाशात एकाच जागी लटकलेली दिसते. हे सगळे गणितातून आलेले आहे. कोपर्निकसचे म्हणणे लोकांना पटावे, यासाठी केप्लरने वाचकाला चंद्रावर उभे करून तिथून पृथ्वी फिरताना दाखवली. या लेखनाची किंमतही त्याला मोजावी लागली. कथेतल्या निवेदकाची आई जडीबुटीवाली आहे आणि पिशाचांशी बोलते. केप्लरच्या स्वतःच्या आईवर, काथारिनावर, चेटकीण असल्याचा खटला चालला. हस्तलिखिताच्या बोभाट्याने त्या आरोपाला बळ मिळाले, असे केप्लरला वाटत राहिले. आईला सोडवण्यासाठी तो स्वतः उभा राहिला. १६२१ मध्ये ती सुटली. पुढे त्याने या छोट्या कथेला दोनशेहून अधिक टिपा जोडल्या आणि प्रत्येक कल्पनेमागचे कारण लिहून ठेवले.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे ज्यूल व्हर्न. त्याचे ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ हे पुस्तक १८६५ मध्ये आले आणि ‘चंद्राभोवती’ हा त्याचा उत्तरार्ध १८७० मध्ये. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले आहे आणि बाल्टिमोरच्या गन क्लबातल्या तोफा बनवणाऱ्यांना काम उरलेले नाही. त्यांचा अध्यक्ष बार्बिकेन प्रस्ताव मांडतो : चंद्रावर गोळा डागू. फ्लोरिडात जमिनीत ९०० फूट खोल तोफ ओतली जाते. गोळा ॲल्युमिनियमचा. दारू म्हणून चार लाख पौंड गनकॉटन. वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. प्रवासाचा वेळ ९७ तास १३ मिनिटे २० सेकंद. गोळ्यात तीन माणसे बसतात आणि शेवटी प्रशांत महासागरात येऊन पडतात. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ मधून तिघे जण फ्लोरिडाहूनच निघाले, चंद्राला प्रदक्षिणा घालून प्रशांत महासागरातच उतरले. हे साम्य नेहमी सांगितले जाते आणि ते ऐकायला गोडही वाटते.

पण व्हर्नला खरा मान द्यायचा तर त्याचा हिशेब तपासला पाहिजे. सेकंदाला ११ किलोमीटर हा वेग बरोबर आहे. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला साधारण एवढाच वेग लागतो. आता हा वेग ९०० फुटांच्या, म्हणजे सुमारे २७४ मीटरच्या नळीत गाठायचा आहे. शाळेत शिकलेले समीकरण वापरा : वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. उत्तर येते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२ हजार पट. सेकंदाच्या विसाव्या भागात ६० किलोच्या माणसावर तेराशे टनांचा भार पडेल. व्हर्नने धक्का शोषायला गोळ्याच्या तळाशी पाणी भरले होते; त्याचा काही उपयोग झाला नसता. प्रवासी जागच्या जागी संपले असते.

दुसरी चूक अधिक रंजक आहे. व्हर्नच्या मते प्रवाशांना वजनरहित वाटते ते एकाच ठिकाणी, जिथे पृथ्वीची आणि चंद्राची ओढ सारखी होते तिथे. त्याच्या आधी ते गोळ्याच्या जमिनीवर नीट उभे असतात. प्रत्यक्षात इंजिन नसलेल्या यानात निघाल्यापासूनच वजन नाहीसे व्हायला हवे, कारण गुरुत्वाकर्षण यान आणि माणूस दोघांनाही सारख्याच त्वरणाने ओढत असते. गंमत अशी की, ही गोष्ट व्हर्नला अर्धी कळली होती. प्रवाशांबरोबरचा कुत्रा मरतो, त्याचे शव बाहेर टाकले जाते आणि ते मागे न पडता गोळ्याच्या सोबतच जात राहते. हे अगदी बरोबर! मग जे शवाला लागू ते आतल्या माणसांना का नाही? हा प्रश्न वाचकाने विचारायचा आहे. कथेच्या एका पानातले सत्य तिच्याच दुसऱ्या पानातली चूक दाखवते, हा आनंद फार थोडी पुस्तके देतात.

एच. जी. वेल्सने दुसरी वाट धरली. १९०१ च्या ‘चंद्रावरील पहिली माणसे’ या कादंबरीत त्याने गुरुत्वाकर्षण अडवणारा ‘कॅव्होराइट’ नावाचा पदार्थच कल्पिला. असा पदार्थ असेल तर दाखवा, अशी व्हर्नची तक्रार होती, आणि हिशेबाच्या बाजूने ती रास्तच होती. वेल्सचा हिशेब मात्र निराळा होता. चंद्राच्या पोटात राहणाऱ्या जिवांच्या राजाला कादंबरीतला पृथ्वीवरून गेलेला शास्त्रज्ञ पृथ्वीवरच्या युद्धांचे वर्णन सांगून बसतो आणि माणूस किती धोकादायक प्राणी आहे हे त्या राजाला कळते. त्याआधी १८९८ च्या ‘जगांचे युद्ध’मध्ये मंगळावरचे आक्रमक लंडन उद्ध्वस्त करतात. युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे जे केले, त्याची आठवण वेल्स पुस्तकाच्या सुरुवातीलाच देतो. तेव्हा पारतंत्र्यात असलेल्या आपल्यासारख्या देशातल्या वाचकाने हे पुस्तक वाचताना ते लक्षात ठेवावे. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्यांच्यातल्याच एका लेखकाने त्यांना जिंकल्या गेलेल्यांच्या जागी उभे केले.

आता वाचकांकडे वळू. रशियात कालुगा गावी कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की हा शाळामास्तर होता. लहानपणच्या आजाराने त्याला नीट ऐकू येत नव्हते, बहुतेक शिक्षण त्याने स्वतःच वाचून केले. व्हर्नने आपल्या मनात बी पेरले, हे त्याने मोकळेपणाने सांगितले. तोफेने काम होणार नाही, वेग हळूहळू वाढवणारे रॉकेटच हवे, हे त्याने १९०३ मध्ये गणिताने मांडले. पुढे त्याने स्वतःही एक कादंबरी लिहिली. तिच्यातले शास्त्रज्ञ हिमालयातल्या एका वाड्यात राहतात आणि २०१७ साली तिथूनच अवकाशात जातात. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्डने वयाच्या सोळाव्या वर्षी वेल्सचे ‘जगांचे युद्ध’ वाचले. १६ मार्च १९२६ रोजी त्याने द्रव इंधनावरचे पहिले रॉकेट उडवले. ते अडीच सेकंद उडाले. ट्रान्सिल्व्हेनियातला हेर्मान ओबेर्ट अकराव्या वर्षी व्हर्नची चंद्रकथा जवळजवळ पाठ होईपर्यंत वाचत होता. तोफेतून निघालेले प्रवासी चिरडले जातील, हा हिशेब त्याने मुलगा असतानाच केला. तिघांनाही कथेने ओढले, आणि तिच्यातली उणीव भरून काढण्यात त्यांचे आयुष्य गेले.

ओबेर्टपासून एक धागा मराठी माणसापर्यंत येतो. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये ‘फ्राउ इम मोंड’ म्हणजे ‘चंद्रावरील स्त्री’ हा फ्रिट्झ लांगचा मूकपट प्रदर्शित झाला. त्याचा शास्त्रीय सल्लागार ओबेर्ट होता. एकावर एक टप्प्यांचे रॉकेट, उड्डाणाआधी उलटी मोजणी, त्वरणाच्या भाराखाली बिछान्यावर दबलेले प्रवासी, वजन नसताना पाय अडकवायला पट्टे, हे सगळे पडद्यावर आले. चंद्रावर हवा आणि सोने दाखवण्याची चूकही त्यात आहे. मूळ कादंबरी आणि पटकथा थेआ फॉन हार्बू या लेखिकेची. आधीच्या बहुतेक चंद्रकथांत स्त्रीला जागाच नव्हती. इथे ती यानातल्या शास्त्रज्ञांपैकी एक आहे आणि शेवटी चंद्रावर मागे राहण्याचा निर्णय स्वतः घेते. लांगपासून विभक्त झाल्यावर थेआने जर्मनीत शिकायला गेलेल्या आयी गणपत तेंडुलकर या बेळगावकडच्या मराठी पत्रकाराशी लग्न केले. तेंडुलकर तिच्याहून सुमारे सोळा-सतरा वर्षांनी लहान. वंशशुद्धीच्या त्या काळात हे लग्न गुप्त ठेवावे लागले. जर्मनीतल्या भारतीय विद्यार्थ्यांना ती मदत करीत असे. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास तेंडुलकर भारतात परतले, इंग्रज सरकारने त्यांना कैदेत ठेवले. पुढे १९४५ मध्ये त्यांनी इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह केला. त्यांची कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी हा सारा इतिहास पुस्तकरूपाने मांडला आहे.

थेआ नाझी पक्षात होती, हेही सांगितले पाहिजे. तिच्या कथेचे पुढे झाले ते त्याहून बोलके आहे. चित्रपटातले रॉकेट गुप्त लष्करी कामाशी इतके जुळणारे होते की नाझी राजवटीने चित्रपट आणि त्याचे नमुने लोकांपासून दूर केले. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी यशस्वी उडालेल्या व्ही-२ क्षेपणास्त्राच्या अंगावर याच चित्रपटाचे चित्र रंगवलेले होते. दोन वर्षांनी ती क्षेपणास्त्रे लंडनवर कोसळू लागली. व्हर्नची चंद्रयात्रा निकामी झालेल्या तोफखान्यातून सुरू होते, आणि खरी चंद्रयात्राही युद्धाच्या कारखान्यातूनच निघाली. गणित बरोबर आले म्हणजे हिशेब पूर्ण झाला असे नाही, हे वेल्सने सांगितले होतेच.

मराठीत या कथा आल्या त्या केरळमार्गे. कराडजवळच्या टेंभू गावी, म्हणजे आगरकरांच्याच गावी, जन्मलेले कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीला असताना १८८६ पासून ‘केरळ कोकिळ’ हे मराठी मासिक काढत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत या मासिकातून व्हर्नच्या चंद्रकथेचे रूपांतर ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः आले. महाराष्ट्रात तेव्हा प्लेग होता, दुष्काळ होता. त्या दिवसांत मराठी वाचक महिन्यामागून महिना चंद्राकडे निघालेल्या गोळ्याची वाट पाहत होता, याचे मला फार अप्रूप वाटते. जमीनही नांगरलेली होती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे ‘ज्योतिर्विलास’ १८९२ मध्ये आले होते आणि साध्या वाचकाला त्याने रात्रीचे आकाश ओळखायला शिकवले होते. हिंदीतही १९०० साली ‘सरस्वती’ मासिकात चंद्रलोकाच्या यात्रेची कथा आली. भारतीय भाषांना ही तहान एकाच वेळी लागली होती.

स्वतंत्र मराठी विज्ञानकथा श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’पासून मोजतात. पण अवकाशाची वाट दीर्घकाळ रूपांतरांनीच चालती ठेवली. त्यात सर्वांत मोठे ऋण भा. रा. भागवतांचे. ‘फास्टर फेणे’च्या या जनकाने व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. ‘चंद्रावर स्वारी’, धूमकेतूवर जाणारे ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा पुस्तकांतली भाषा इतकी घरची आहे की, हे सारे मुळात मराठीतच घडले असे वाटावे. माझ्या पिढीतल्या अनेकांना चंद्र आधी भागवतांच्या पुस्तकांत भेटला, शाळेच्या भूगोलात नंतर.

१९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जयंत विष्णु नारळीकर होते. नावामुळे परीक्षकांवर दडपण नको म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगला नारळीकरांनी प्रत लिहून दिली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, हा तिचा कणा आहे. ककुद्मीची कथा इथे हिशेबासह परत आली. स्पुतनिकनंतरची म्हणून ती या पुस्तकाच्या कक्षेबाहेर राहते, पण इथल्या कथा वाचून झाल्यावर लगेच ती वाचावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारताच्या भूमीवरून अवकाशाकडे पहिले अग्निबाण-उड्डाण झाले ते केरळातल्या थुंबा इथून. चुंबकीय विषुववृत्त तिथून जाते, म्हणून ती जागा निवडली. निवड करणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. ‘केरळ कोकिळ’ जिथे सुरू झाले ती कोची तिथून सुमारे दोनशे किलोमीटरवर. हा योगायोग आहे. पण दोन्ही घटनांमागे मराठी माणूस आपला मुलूख सोडून केरळच्या किनाऱ्यावर आकाशाचा विचार करीत होता, हे सत्य आहे.

ही प्रस्तावना मी पनवेलजवळच्या सुकापूरहून लिहीत आहे. माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव आता इमारतींनी भरले आहे आणि तालुक्यात नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. इथल्या मुलामुलींसाठी व्हर्नच्या पुस्तकातली एक कसोटी सांगतो. त्याच्या मते तोफ अशा ठिकाणी हवी, जिथे चंद्र बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे विषुववृत्तापासून २८ अंशांच्या आत. फ्लोरिडा त्यासाठीच निवडले गेले. सुकापूर सुमारे १९ अंश उत्तरेला आहे. चंद्र विषुववृत्तापासून किती दूर जातो ती मर्यादा सुमारे साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात १८ अंशांपासून साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत बदलते. म्हणजे बहुतेक वर्षी तो आपल्या गच्चीच्या थेट माथ्यावर येतो. व्हर्नच्या अटीत सुकापूर बसते! पण आजचे अभियंते अशी जागा या कारणासाठी निवडत नाहीत; ते पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा आणि पूर्वेला मोकळा समुद्र पाहतात. आपल्या पूर्वेला सह्याद्री आणि भरवस्ती आहे. व्हर्नची अट कुठे बरोबर, कुठे अपुरी, आणि श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर का, याची उत्तरे नकाशा आणि पंचांग घेऊन बसले तर एका संध्याकाळी मिळतात.

या कथा अशाच वाचाव्यात. भाविकपणे वाचू नयेत आणि जुन्या म्हणून हसूनही सोडू नयेत. प्रत्येक कथेला तीन प्रश्न विचारावेत : लेखकाला तेव्हा काय माहीत होते, त्यावरून त्याने केलेला तर्क बरोबर आहे का, आणि त्याच्या प्रवासाची किंमत कुणी मोजली? पहिल्या प्रश्नाने इतिहास कळतो, दुसऱ्याने विज्ञान, तिसऱ्याने माणूस. चंद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्या देशाला हिशेब मागणारे वाचकही लागतात. ते वाचक मराठीत घडावेत, त्यांच्यातल्या कुणी यातली एखादी चूक पकडावी आणि ती दुरुस्त करण्यासाठी स्वतःची कथा किंवा स्वतःचे समीकरण लिहावे, या एकाच इच्छेने हे पुस्तक त्यांच्या हाती देत आहे.

सुकापूर, पनवेल